अर्देशीर गोदरेज

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज (जन्म : २६ मार्च १८६८, मुंबई, मृत्यू : जानेवारी १९३६) हे भारतीय उद्योजक, संशोधक आणि गोदरेज उद्योगसमूहाचे संस्थापक होते. १८९७ मध्ये त्यांनी मुंबईतील लालबाग येथे कुलुपे बनविण्याचा कारखाना सुरू केला. पुढे तिजोऱ्या आणि त्यानंतर जनावरांची चरबी न वापरता केवळ वनस्पती तेलांपासून बनविलेला अंगाचा साबण ही त्यांची प्रमुख उत्पादने ठरली. कुलूप आणि साबण या दोन वस्तूंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. अर्देशीरांच्या चरित्रात मात्र दोन्ही एकाच आग्रहातून आलेल्या आहेत. वस्तूवर जे लिहिले असेल तेच वस्तूत असले पाहिजे, हा तो आग्रह होय. त्यापायी त्यांनी एक पेशा सोडला आणि पहिला व्यवसाय गमावला.

घराणे आणि बालपण

अर्देशीर यांचा जन्म मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. आजोबा सोराबजी आणि वडील बुर्जोरजी हे दोघेही जमीन-जुमल्याच्या व्यवहारात होते. घराण्याचे मूळ आडनाव गूथराजी असे होते; ते बदलून बुर्जोरजींनी १८७१ मध्ये गोदरेज हे नाव धारण केले. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान असलेले बंधू पिरोजशा (१८८२–१९७२) पुढे त्यांचे भागीदार आणि वारसदार झाले.

१८९० मध्ये अर्देशीर यांचा विवाह बच्चुबाई यांच्याशी झाला. हे सहजीवन जेमतेम वर्षभर टिकले. २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चुबाई आणि त्यांच्या नात्यातील एक मुलगी मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोऱ्यावर गेल्या असता मनोऱ्यावरून खाली पडून दोघींचा मृत्यू झाला. हा अपघात होता, आत्महत्या होती की अत्याचार टाळण्यासाठी घेतलेली उडी, यावर त्या काळी मुंबईत मोठी खळबळ माजली. खटलाही चालला, परंतु खुनाचा आरोप सिद्ध झाला नाही आणि प्रकरणाचा निर्णायक उलगडा कधीच झाला नाही. अर्देशीर त्या वेळी कायद्याचे विद्यार्थी होते. वय अवघे तेवीस असूनही त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांना अपत्य नव्हते.

वकिलीचा त्याग

कायद्याचे शिक्षण पूर्ण केल्यावर १८९४ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर पेढीने त्यांना एका अशिलाची बाजू मांडण्यासाठी पूर्व आफ्रिकेतील झांजिबारला पाठविले. खटला चालू असताना, जी गोष्ट खरी असल्याची आपली खात्री नाही ती न्यायालयापुढे खरी म्हणून मांडणे त्यांना अशक्य वाटू लागले. समजूत घालण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांनी भूमिका बदलली नाही. १८९५ मध्ये ते मुंबईला परतले आणि वकिलीचा पेशा त्यांनी कायमचा सोडला. महात्मा गांधी याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत होते आणि सत्य व व्यवसाय यांची सांगड घालण्याचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. गांधींनी पेशात राहून उत्तर शोधले. अर्देशीर पेशाबाहेर पडले.

शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा फसलेला उद्योग

मुंबईला आल्यावर अर्देशीर यांनी एका औषधालयात रसायनतज्ज्ञाचे साहाय्यक म्हणून काम केले. तेथे शस्त्रक्रियेची उपकरणे परदेशातून येतात हे पाहून ती येथेच बनविण्याचे त्यांनी ठरविले. भांडवलासाठी ते वडिलांकडे गेले नाहीत. वडिलांनी दिलेले पैसे कर्ज न राहता भेट ठरले असते आणि ते त्यांना नको होते, असे सांगितले जाते. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांनी त्यांना ३,००० रुपये कर्जाऊ दिले.

चाकू, चिमटे, कात्र्या तयार झाल्या. त्या विकत घेऊ शकणाऱ्या इंग्रज ग्राहकाला मालाची प्रतही पसंत पडली. अडले ते छापावर. या उपकरणांवर इंग्लंडचे नाव घालावे, भारतात बनलेली उपकरणे कोणी विकत घेणार नाही, असे त्या ग्राहकाचे म्हणणे होते. व्यापाराच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. अर्देशीर यांनी भारताचे नावच राहील असे सांगितले आणि सौदा मोडला. उद्योग तेथेच संपला. कर्ज शिल्लक राहिले.

कुलुपे आणि तिजोऱ्या

मुंबईत घरफोड्या वाढल्याचे वृत्त वर्तमानपत्रात वाचून अर्देशीर यांचे लक्ष कुलुपांकडे वळले. भारतात त्या काळी कुलुपे हाताने बनत आणि ती भरवशाची नसत. चांगली कुलुपे विलायतेहून येत. कामा यांनी दुसऱ्यांदा पैसे दिले. पहिले कर्ज बुडीत दिसत असताना दिलेले हे दुसरे कर्ज गोदरेज समूहाच्या इतिहासात बहुधा सर्वांत निर्णायक ठरले. ७ मे १८९७ रोजी लालबाग येथे, गॅस कंपनीच्या शेजारी, सुमारे २० चौरस मीटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झाले. गुजरात आणि मलबारमधून आणलेले बारा कुशल कारागीर हा पहिला कामगारवर्ग होता. कामा यांचे भाचे बॉइस काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले, तरी त्यांचे नाव पेढीच्या नावात कायम राहिले.

अर्देशीर यांनी कुलुपांच्या रचनेत स्वतः सुधारणा केल्या. स्प्रिंग मोडली की कुलूप निकामी होते, हा जुन्या कुलुपांचा मुख्य दोष होता; त्यावर त्यांनी स्प्रिंगविरहित कुलूप तयार करून त्याचे पेटंट घेतले. चुकीची किल्ली फिरविली गेल्यास मालकाला ते कळावे अशी योजना असलेली कुलुपेही त्यांनी काढली.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिजोऱ्यांचे उत्पादन सुरू झाले. पत्रे जोडताना राहणारे सांधे हीच तिजोरीची कमकुवत जागा असते. म्हणून पत्रा वाकवून शक्य तितके कमी सांधे ठेवण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली, आणि चोराइतकाच आगीचाही विचार केला. १९४४ मध्ये मुंबई गोदीत झालेल्या प्रचंड स्फोटानंतर लागलेल्या आगीतही या तिजोऱ्यांतील ऐवज सुरक्षित राहिल्याचे दिसले. अर्देशीर मात्र ते पाहायला हयात नव्हते. १९२३ मध्ये पोलादी कपाटे बाजारात आली. महाराष्ट्रातील घरांत आजही कोणत्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला गोदरेज म्हटले जाते.

साबण

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी मालाची आवक घटली आणि देशी उद्योगांना वाव मिळाला. याच काळात अर्देशीर यांनी साबणाचे प्रयोग हाती घेतले. १९१८ मध्ये केवळ वनस्पती तेलांपासून अंगाचा साबण बनविण्यात यश आल्याचे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर हा साबण चावी या नावाने बाजारात आला. कुलुपांच्या कारखान्यातून आलेल्या साबणाला हे नाव शोभणारेच होते.

या यशाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी त्या काळचा साबण कशाचा होत असे ते पाहावे लागते. कोणतेही तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाशी संयोग पावली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. क्रिया एकच असली तरी साबणाचा गुण तेलावर अवलंबून असतो. खोबरेल तेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. त्यामुळे त्याचा साबण पांढरा, टणक आणि भरपूर फेस देणारा होतो. तो खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून जहाजांवर खोबरेल तेलाचाच साबण वापरला जाई. परंतु निव्वळ खोबरेल तेलाची वडी लवकर झिजते आणि त्वचा कोरडी पाडते. जनावरांच्या चरबीचा साबण याच्या उलट : फेस कमी, पण मऊपणे धुणारा आणि पुष्कळ दिवस टिकणारा. म्हणून युरोपातील उत्तम अंगाच्या साबणात साधारणपणे चार भाग चरबी आणि एक भाग खोबरेल तेल घालण्याची रीत होती. खोबरेल तेल साबणाच्या कढईत आधीपासूनच होते. प्रश्न उरलेल्या चार भागांचा होता.

भारतात हा प्रश्न केवळ रसायनाचा नव्हता. गाईची चरबी हिंदूंना आणि डुकराची चरबी मुसलमानांना निषिद्ध. जैनांना आणि अनेक शाकाहारी कुटुंबांना तर कोणतीच चरबी चालत नसे. १८५७ च्या उठावात काडतुसांच्या चरबीने काय घडविले ते सर्वांच्या स्मरणात होते. विलायती साबणाच्या वेष्टनावर त्यात काय आहे हे लिहिलेले नसे. शंका घेणारी घरे शिकेकाई, रिठा, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि खार यांवरच भागवीत. त्यांना साबण वापरायला लावायचे तर चरबी नाही असे म्हणणे पुरेसे नव्हते. चरबी खरोखरच नसायला हवी होती आणि तरीही वडी विलायती साबणाच्या तोडीची व्हायला हवी होती.

त्यासाठी कोणतेही तेल चालण्यासारखे नव्हते. देशाच्या प्रत्येक भागात वेगळे तेल मुबलक होते. त्या काळच्या हैदराबाद संस्थानातील नांदेड आणि लातूरच्या परिसरात करडई, भुईमूग, जवस अशी तेले निघत. करडई आणि जवसासारख्या पातळ तेलांचा साबण मऊ राहतो आणि लवकर खवट होतो. टणक वडीसाठी घट्ट होणारे तेल लागते. खोबरेल तेल सुमारे २५ अंश सेल्सिअसखाली गोठते, पण ते किनाऱ्यावरून आणावे लागे. शिवाय मराठवाड्यासह दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे दुष्फेन आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून पांढरट साका तयार करतात आणि फेस येतच नाही. मऊ पाण्याच्या देशात उत्तम ठरलेला चरबीचा साबण अशा पाण्यात निष्प्रभ होतो. खोबरेल तेलाचा अंश अधिक असेल तर फेस तुलनेने लवकर येतो. तेव्हा चरबीला पर्याय शोधताना धर्मभावना, टणकपणा, टिकाऊपणा आणि पाण्याचा गुण या सर्व गोष्टी एकदम सांभाळायच्या होत्या.

आज घरगुती साबण करणाऱ्यांना हे सोपे वाटते. एक किलो खोबरेल तेलाच्या पूर्ण साबणीकरणासाठी सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सोडा पाण्यात सावकाश घालायचा (पाणी सोड्यावर ओतायचे नाही, उकळी फुटून अंगावर उडते), द्रावण निवले की कोमट तेलात मिसळून दाट होईपर्यंत घोटायचे आणि साच्यात ओतायचे. सोडा किंचित कमी ठेवला म्हणजे वडीत थोडे तेल मोकळे राहते आणि त्वचेला जाच होत नाही. चार ते सहा आठवडे वाळल्यावर वडी वापरण्याजोगी होते. बचत गटांच्या प्रशिक्षणात साबण शिकविला जातो तो बहुधा याच थंड पद्धतीने, कारण तिला भट्टी लागत नाही. मात्र एका घरापुरती चांगली वडी करणे आणि प्रत्येक वडी आधीच्या वडीसारखीच निघेल असा कारखाना चालविणे यांत मोठे अंतर आहे. तेलाची प्रत प्रत्येक हंगामात बदलते, त्यामुळे सोड्याचे प्रमाण दर वेळी नव्याने काढावे लागते. अर्देशीर यांचे काम या दुसऱ्या प्रकारचे होते.

चावी हा वनस्पती तेलापासून बनलेला जगातील पहिला साबण होता, असे अनेकदा लिहिले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. सीरियातील अलेप्पो आणि स्पेनमधील कास्तील येथे ऑलिव्ह तेलाचे साबण शतकानुशतके बनत आले आहेत. भारतातही साबणाचे कारखाने नवीन नव्हते. मीरत येथे १८७९ मध्येच कारखाना निघाला होता. अर्देशीर यांचे श्रेय वेगळे आणि तितकेच मोलाचे आहे. चरबीविरहित अंगाचा साबण विलायती साबणाशी प्रतीत स्पर्धा करू शकतो हे त्यांनी भारतीय बाजारपेठेत सिद्ध केले आणि चरबी नाही ही गोष्ट उघडपणे सांगून विकली.

त्यांच्या साबणांच्या नावांचा क्रमही लक्षवेधी आहे. गोदरेज नंबर २ हा साबण आधी आला आणि नंबर १ नंतर, १९२२ मध्ये. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला असेल तर पहिला त्याहून चांगला असणार, असे ग्राहकाने स्वतःच समजावे, ही त्यामागची कल्पना होती, असे सांगितले जाते. सत्याच्या आग्रहासाठी वकिली सोडणाऱ्या माणसाला विक्रीची नाडीही चांगली कळत होती. पुढे वतनी नावाचा साबणही निघाला. त्याची सगळी जाहिरात देशी असण्यावर उभी होती. रवींद्रनाथ टागोर आणि ॲनी बेझंट यांच्यासारख्या व्यक्तींनी गोदरेजच्या साबणाची जाहीर शिफारस केली.

स्वदेशी आणि राष्ट्रीय चळवळ

अर्देशीर यांच्यावर दादाभाई नौरोजी यांच्या आर्थिक विचारांचा प्रभाव होता. देशाची संपत्ती बाहेर जाते ती थांबवायची तर वस्तू येथे बनल्या पाहिजेत, हे त्यांना मान्य होते. मात्र परदेशी मालावर बहिष्कार घालून त्याजागी निकृष्ट देशी माल पत्करणे त्यांना पटत नव्हते. ग्राहकाच्या देशप्रेमावर हलका माल खपविणे हा त्यांच्या मते ग्राहकावरचा अन्याय होता आणि देशी उद्योगाचेही त्यात नुकसानच होते. स्वदेशीच्या भरात असे बोलणे लोकप्रिय होण्यासारखे नव्हते. त्यांची राष्ट्रनिष्ठा मात्र शंकेपलीकडची होती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. एक कोटीचे उद्दिष्ट असलेल्या या फंडात एका व्यक्तीने दिलेली ही फार मोठी रक्कम होती.

गांधी आणि अर्देशीर यांची मते सर्वत्र जुळत नसली तरी परस्परांविषयी आदर होता. साबणाच्याच धंद्यातील दुसऱ्या एका उत्पादकाने गांधींकडे आशीर्वाद मागितला, तेव्हा आपल्याला गोदरेज यांच्याविषयी आदर असल्याने त्यांच्या उद्योगाला बाध येईल अशा कामाला आशीर्वाद देता येत नाही, अशा आशयाचे उत्तर गांधींनी दिले.

अखेरची वर्षे

१९२८ मध्ये अर्देशीर यांनी उद्योगाची सूत्रे पिरोजशा यांच्याकडे सोपविली. त्याच वर्षी साबणाच्या व्यवसायासाठी गोदरेज सोप्स ही कंपनी स्थापन झाली. स्वतः अर्देशीर नाशिकला जाऊन शेतीचे प्रयोग करू लागले. कुलूप, तिजोरी आणि साबण यांना मिळालेले यश शेतीला मिळाले नाही. जानेवारी १९३६ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पिरोजशा यांनी १९४० च्या दशकात मुंबईजवळ विक्रोळी येथे जमीन घेऊन कारखाने आणि कामगारांची वसाहत उभारली. सोराब, बुर्जोर आणि नवल या त्यांच्या तीन मुलांनी पुढे उद्योगाचा विस्तार केला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या लोखंडी मतपेट्यांपैकी मोठा वाटा विक्रोळीच्या कारखान्यात बनला. गोदरेज नंबर १ हा साबण आजही बाजारात मिळतो.